सही करण्याआधी नववं कलम पुन्हा वाचा

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी कथा आणि गीतं लिहिते. २०१९ मध्ये एका मराठी मालिकेचं शीर्षकगीत लिहिलं. पंधरा हजार रुपये मिळाले आणि एका पानावर सही घेतली गेली: ‘मोबदला पूर्ण मिळाला, यापुढे माझा कोणताही दावा राहणार नाही.’ एवढाच मजकूर. मालिका कधीच संपली, पण गाणं अजून वाजतं. रील्सवर आहे, ओटीटीवर आहे, वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत म्हटलं जातं. त्यानंतर मला एक रुपयाही आलेला नाही.

आता एका ऑडिओ कंपनीला माझ्या बारा कथा हव्या आहेत. अभिवाचनही मीच करायचं आहे. एकरकमी चाळीस हजार देणार म्हणतात. करार चौदा पानी, इंग्रजीत. नवव्या कलमात लिहिलंय की हे काम ‘वर्क फॉर हायर’ आहे. सर्व हक्क, आजच्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमचे कंपनीचे. रॉयल्टीचा आणि नावाचा हक्क मी सोडून देते. मैत्रीण म्हणते, असे करार सगळेच करतात, जास्त विचारलंस तर काम दुसऱ्या कुणाला जाईल. मी विचारलं तर लोभी ठरेन का? आणि त्या गाण्याचं आता काही होऊ शकतं का?

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर

नमस्कार,

लोभाचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनात असेपर्यंत पुढचं काही तुमच्या हातून होणार नाही. तुम्ही लोभी ठरत नाही. लिहिण्याचे पैसे आणि लिहिलेलं वापरण्याचे पैसे या दोन वेगळ्या रकमा आहेत. पंधरा हजार तुम्हाला गाणं लिहून दिल्याबद्दल मिळाले. ते गाणं पुढे वर्षानुवर्षं वाजतंय आणि त्यावर कुणीतरी कमावतंय, त्यातला तुमचा वाटा हा वेगळा हिशेब आहे. आपल्याकडे दोन्ही एकाच ‘मानधन’ या शब्दात कोंबले जातात, म्हणून वाटा मागणाऱ्याला संकोच वाटतो. भारताच्या कॉपीराइट कायद्याला मात्र हा संकोच नाही. १९५७ च्या या कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली, त्यात तुमच्यासारख्यांसाठी काही हक्क असे ठेवले आहेत की ते तुम्ही सही करून देऊनही जात नाहीत. तुमच्या नवव्या कलमातला निम्मा मजकूर त्यावरच आपटतो.

ते कलम तुकड्यातुकड्याने बघू.

‘वर्क फॉर हायर’, म्हणजे पैसे देऊन करून घेतलेलं काम, ज्याचा पहिला मालक ते करून घेणाराच असतो; ही अमेरिकेच्या कायद्यातली संज्ञा आहे. कंपन्यांचे मसुदे तिकडून उचललेले असतात, त्यांबरोबर ती इकडे येते. आपल्या कायद्यात पहिला मालक कोण हे कलम १७ ठरवतं. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून लिहिलं, तर वेगळं ठरलेलं नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक नोकरी देणारा. तुम्ही या कंपनीच्या पगारावर नाही. तुमच्या बारा कथा तर कंपनीचा फोन येण्याआधीच लिहून झालेल्या आहेत! त्या कुणाच्या सांगण्यावरून लिहिलेल्याच नाहीत, मग त्या ‘हायर’ कशा? हे दोन शब्द खोडायला सांगा. इथे घासाघीस करायची गरज नाही, कारण ते वस्तुस्थितीला धरूनच नाहीत.

पुढचा तुकडा, ‘पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत’. २०१२ पासून कलम १८ सांगतं की करार झाला त्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याला त्या कराराने केलेलं हक्कांचं हस्तांतरण लागू होत नाही, जोवर करारात त्या माध्यमाचा नेमका उल्लेख नसेल. नेमका उल्लेख. ‘पुढे निघेल ते सगळं’ हा नेमका उल्लेख नव्हे, असंच मी मानते आणि तसंच तुम्ही कंपनीला सांगा. पण असल्या मोघम वाक्यावर उद्या कोर्टात वाद घालत बसण्यापेक्षा आजच ते काढून टाकणं स्वस्त पडतं. त्याजागी लिहा: ‘ऑडिओबुक म्हणून, इंटरनेटवरून ऐकण्यासाठी आणि डाउनलोडसाठी’. बस. नाटक, वेब मालिका, चित्रपट, दुसऱ्या भाषेतला अनुवाद, छापील पुस्तक हे सगळं तुमच्याकडे राहील. बारापैकी एखाद्या कथेवर उद्या कुणी चित्रपट काढायचा म्हटला तर त्याने तुमच्याशी बोलायचं, ऑडिओ कंपनीशी नाही.

‘संपूर्ण विश्वात, कायमचे’. वाचायला भारदस्त वाटतं. कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि तुमच्या सहीचं असावं लागतं, त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि रॉयल्टी किती, हे सगळं नमूद असावं लागतं. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षांचा धरला जातो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे कायद्याच्या मनात पाच वर्षं ही स्वाभाविक मुदत आहे, कायमचं हा अपवाद. (ही पाच वर्षं लक्षात ठेवा, तुमच्या गाण्याकडे वळल्यावर ती लागणार आहेत.) आपल्या गावाकडे जमीन खंडाने कसायला देणं वेगळं आणि खरेदीखत करून देणं वेगळं, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतं. हक्कांचंही तसंच आहे. तुम्ही खंडाने द्या, म्हणजे लायसन्स द्या: पाच वर्षं, फक्त ऑडिओबुक. मुदत संपली की पुन्हा बोलू. कंपनीला तोवर कथा चालतात की नाही हे कळलेलं असेल, तुम्हालाही.

आता कलमाचा गाभा, ‘रॉयल्टीचा हक्क मी सोडून देते’.

हे वाक्य तुमच्या बाबतीत बहुधा कागदावरच राहील. कलम १८ मध्ये २०१२ साली दोन तरतुदी आल्या. पहिली चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीबद्दल आणि संगीतकृतीबद्दल. दुसरी चित्रपटाचा भाग नसलेल्या ध्वनिमुद्रणात वापरलेल्या साहित्यकृतीबद्दल आणि संगीतकृतीबद्दल. दोन्हींचा गाभा एक: हक्क विकत घेणाऱ्याबरोबर समान तत्त्वावर रॉयल्टी मिळण्याचा अधिकार लेखक कुणाला देऊन टाकू शकत नाही आणि सोडूनही देऊ शकत नाही. अपवाद दोनच, स्वतःचे कायदेशीर वारस आणि वसुली करणारी कॉपीराइट सोसायटी. याविरुद्ध केलेला करार रद्दबातल. कलम १९ मध्ये हेच दुसऱ्या बाजूने सांगितलंय: ध्वनिमुद्रणासाठी हक्क दिले तरी त्या कृतीच्या कुठल्याही वापरावर समान वाटा मागण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो.

या तरतुदींसाठी झटले ते प्रामुख्याने गीतकार आणि संगीतकार, म्हणून सगळे त्यांना ‘गाण्यांचा कायदा’ म्हणतात. पण कायद्यात शब्द ‘साहित्यकृती’ असा आहे, ‘गीत’ असा नाही. कथा ही साहित्यकृती आहे आणि ऑडिओबुक हे ध्वनिमुद्रण आहे. तेव्हा तुमची कथा त्या तरतुदीत बसते असं मांडायला भक्कम जागा आहे. ऑडिओबुकच्या धंद्यातले रिवाज अजून या वाचनाप्रमाणे चालत नाहीत, एकरकमी करार सर्रास होतात. म्हणून मी तुम्हाला कोर्टाची पायरी चढा असं सांगत नाहीये. मी सांगतेय की बोलणी करायला बसताना हे वाक्य तुमच्या खिशात असू द्या. कंपनीच्या वकिलाला ते माहीत असतं. तुम्हालाही माहीत आहे हे त्याला कळलं की सूर बदलतो.

हे हक्क कुणी सुखासुखी दिलेले नाहीत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेच्या खटल्यात निर्माता पैसे देऊन गीत-संगीत करून घेतो तेव्हा त्याचा पहिला मालक तोच होऊ शकतो असा निकाल दिला, आणि पुढची पस्तीस वर्षं चित्रपटसृष्टीतले करार त्या निकालाच्या सावलीत लिहिले गेले. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जोडलेली टिपणी मला फार मोलाची वाटते: संगीतकाराला हक्क आहे, पण गाणाऱ्याला काहीच नाही, संसदेने याकडे बघावं. सादरकर्त्यांचे हक्क कायद्यात यायला त्यानंतर १९९४ ची दुरुस्ती उजाडावी लागली. आणि गीतकार-संगीतकारांचा न सोडता येणारा वाटा आला २०१२ मध्ये, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत खासदार असताना हिरिरीने लढले. एवढ्या लोकांनी एवढी वर्षं खर्च करून मिळवलेला हक्क चौदा पानांतल्या एका ओळीत परत करू नका, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

कथा तुमच्या, आवाजही तुमचा. इथे तुमचं दुसरं नातं सुरू होतं आणि करारात ते मुळीच दिसत नाही. अभिवाचन करणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत सादरकर्ती असते. सादरकर्त्याची व्याख्या एकदा मुद्दाम वाचा: नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, हातचलाखी करणारा, जादूगार, गारुडी, व्याख्यान देणारा आणि सादरीकरण करणारी इतर कोणतीही व्यक्ती. गारुड्याला ज्या कायद्याने जागा दिली तो तुम्हाला बाहेर ठेवणार नाही. सादरकर्त्याचा हक्क सादरीकरण झालं त्याच्या पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून पन्नास वर्षं टिकतो. लेखक म्हणून तुमचा कॉपीराइट तुमच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं. म्हणून दोन मोबदले वेगळे लिहून घ्या: कथांच्या हक्कांसाठी इतके, अभिवाचनासाठी इतके. स्टुडिओत तुम्ही बसणार किती तास, चुका सुधारण्यासाठी पुन्हा किती वेळा बोलावतील, त्याचे पैसे मिळतील का, हेही त्यात येऊ द्या. आज ‘चाळीस हजार’ या आकड्यात हे सगळं मिसळलेलं आहे आणि बारा कथा, दोन भूमिका, कायमचा वापर असा भागाकार केला तर हाती काय येतं ते तुम्हीच बघा.

आवाजाबद्दल आणखी एक. कराराच्या व्याख्यांच्या पानावर ‘ध्वनिमुद्रणापासून तयार होणारी इतर कोणतीही सामग्री’ अशा धाटणीचं काही आहे का ते शोधा. तसं असेल तर तुमच्या बारा कथांच्या रेकॉर्डिंगवरून तुमचा कृत्रिम आवाज तयार करून तेराव्या कथेला वापरायला वाट मोकळी होते. २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल पुरवणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली. ते मोठं नाव आहे, कोर्टात जाण्याची त्यांची ऐपत आहे. तुम्ही एक वाक्य घालून मोकळं व्हा: ‘लेखिकेच्या स्वतंत्र लेखी संमतीशिवाय तिचा आवाज किंवा मजकूर कृत्रिम आवाज बनवण्यासाठी अथवा कोणत्याही संगणक प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाणार नाही.’

नावाच्या हक्काचं थोडक्यात सांगते. कलम ५७ प्रमाणे लेखक म्हणून नाव लागणं आणि कृतीची मोडतोड रोखणं हे हक्क कॉपीराइटपासून स्वतंत्र आहेत, कॉपीराइट विकला तरी ते लेखकाकडे राहतात. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी आपल्या कादंबरीवरच्या चित्रपटाबद्दल दिल्ली उच्च न्यायालयात १९८० च्या दशकात हाच मुद्दा लढवला होता. सादरकर्त्यांना कलम ३८ख तेच देतं. ते वाक्य खोडा आणि नाव कुठे दिसेल ते लिहून घ्या: मुखपृष्ठाच्या चित्रावर, अ‍ॅपमधल्या माहितीत आणि ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला तोंडी.

आता पैशांकडे. एकरकमी म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. जाहिरातीतल्या दहा सेकंदांच्या मजकुराला, तीन महिन्यांच्या वापराला एकरकमी मोबदलाच सोयीचा. पण वापर अमर्याद आणि पैसा मोजका, हे गणित कधीच रास्त नसतं, मग आकडा चाळीस हजार असो की चार लाख. मागणी अशी करा: चाळीस हजार ही परत न करायची आगाऊ रक्कम आणि त्यावर रॉयल्टी. आगाऊ रक्कम रॉयल्टीतून वळती झाली की पुढचा वाटा सुरू.

इथे टक्केवारीपेक्षा ती कशाची टक्केवारी आहे ते बघा. लेखक ‘पंचवीस टक्के’ ऐकून खूश होतात आणि पुढचे ‘निव्वळ उत्पन्नाचे’ हे दोन शब्द वाचतच नाहीत. समजा ऐकणाऱ्याकडून शंभर रुपये आले. त्यातले पन्नास अ‍ॅपवाल्याने ठेवले. कंपनीने जाहिरात, सर्व्हर, ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून आणखी तीस काढले. उरले वीस, त्याचे पंचवीस टक्के म्हणजे पाच रुपये. त्याऐवजी कंपनीच्या हाती प्रत्यक्ष आलेल्या पन्नासवर पंधरा टक्के ठरले असते तर साडेसात मिळाले असते. लहान टक्का, मोठी रक्कम. म्हणून लिहून घ्या: ‘कर वगळता कंपनीला प्रत्यक्ष मिळालेल्या एकूण रकमेवर, इतर कोणतीही वजावट न करता.’ मासिक वर्गणीवर चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये एका पुस्तकाची किंमत अशी नसतेच, ऐकलेल्या मिनिटांवरून वाटणी होते. मग ती मिनिटं तुम्हाला दिसायला हवीत. दर सहा महिन्यांनी हिशेबपत्रक, त्यात कथानिहाय ऐकलेली मिनिटं आणि मिळालेली रक्कम, आणि वर्षातून एकदा हिशेबाच्या वह्या तपासून घेण्याचा अधिकार. तपासणीत मोठी तफावत निघाली तर तपासणीचा खर्च कंपनीचा.

हे मागताना तुम्ही जगावेगळं काही मागत नाही. युरोपीय महासंघाने २०१९ च्या निर्देशात लेखक आणि सादरकर्ते यांना उचित आणि वापराच्या प्रमाणात मोबदला मिळावा हे तत्त्व घातलं, वर्षातून किमान एकदा हिशेबाची माहिती देणं बंधनकारक केलं आणि कमाईच्या मानाने ठरलेली रक्कम फारच तुटपुंजी ठरली तर वाढीव मोबदला मागायची सोय ठेवली. जर्मनीत त्याची मुळं २००२ च्या कायद्यात आहेत. १९८१ साली आलेल्या एका जगभर गाजलेल्या युद्धपटाचे छायाचित्रकार योस्ट वकानो यांनी त्याच कायद्याच्या आधारे, म्हातारपणी, कितीतरी वर्षं खटले लढवून आपला वाढीव वाटा मागितला. त्यांनीही एकरकमी करारावर सही केली होती. आपल्याकडे पुस्तकलेखकाला अशी थेट वाढ मागता येत नाही, ही आपल्या कायद्याची उणीव आहे असं मला मनापासून वाटतं. कलम १९क जवळ जातं: अटी जाचक असतील तर लेखकाला हस्तांतरण रद्द करून मागता येतं, पण हस्तांतरणाला पाच वर्षं व्हायच्या आत नाही. पाच वर्षांत ऑडिओबुकचं काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून आपल्या लेखकाला कायद्यापेक्षा करारात जास्त जागरूक राहावं लागतं. एक ओळ घाला: ‘एकूण उत्पन्न अमुक रकमेच्या पुढे गेल्यास रॉयल्टीचा दर अमुक होईल.’

करारात आणखी एक कलम असेल, बहुधा अकरावं किंवा बारावं: कुणी दावा केला तर सगळी नुकसानभरपाई तुम्ही भरायची. तुमची जबाबदारी कथा तुमच्या स्वतःच्या आहेत एवढ्यापुरती आणि तुम्हाला मिळालेल्या रकमेपुरती मर्यादित करून घ्या. वाद झाल्यास लवाद कुठल्या शहरात, हेही बघा. दीड हजार किलोमीटरवरच्या शहरात जाऊन चाळीस हजारांसाठी कोण भांडणार?

मैत्रिणीचं म्हणणं मी हलकं मानत नाही. काम जाण्याची भीती खरी आहे, घरभाडं खरं आहे. काही कंपन्या खरोखरच ‘मसुदा बदलत नाही’ म्हणून दार लावतात. पण माझ्याकडे जे करार येतात त्यांत पहिला मसुदा हा बहुतेक वेळा कंपनीची सुरुवातीची मागणी असते, शेवटचा शब्द नसतो. प्रश्न विचारण्याची रीत सांगते. फोनवर बोलू नका, ईमेल करा. सूर भांडणाचा नको, कामाचा हवा. असं लिहिता येईल:

‘आपल्यासोबत काम करायला मी उत्सुक आहे. कराराचा मसुदा वाचला. नवव्या कलमातले काही भाग कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ आणि १९ शी जुळत नाहीत असं दिसतं, त्यामुळे पुढे दोघांचीही अडचण होऊ शकते. सोबत पर्यायी मजकूर पाठवते आहे: ऑडिओबुक या माध्यमापुरतं, पाच वर्षांचं लायसन्स, चाळीस हजार आगाऊ आणि त्यावर रॉयल्टी, अभिवाचनाचा मोबदला वेगळा. यावर बोलायला मी या आठवड्यात कधीही मोकळी आहे.’

सगळं मिळणार नाही. काय सोडायचं ते आधीच ठरवून जा. मी तुमच्या जागी असते तर टक्केवारीत नमतं घेतलं असतं, पाच वर्षांची सात केली असती. माध्यमांची मर्यादा, हिशेबपत्रक आणि आवाजाबद्दलचं वाक्य या तिन्हींवर मात्र हटले नसते. कंपनीने तिन्ही नाकारली तर त्या कथा तुमच्याकडेच राहिलेल्या बऱ्या. हे सांगणं सोपं आहे आणि करणं अवघड, हे जाणून सांगतेय.

आता ते गाणं.

मालिकासुद्धा कायद्याच्या व्याख्येत ‘सिनेमॅटोग्राफ फिल्म’च असते. तेव्हा शीर्षकगीताला चित्रपटगीताचीच तरतूद लागते: चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाबरोबरचा वापर सोडून इतर सगळ्या वापरांवर गीतकाराचा समान तत्त्वावरचा वाटा, जो सोडून देता येत नाही. तुमचं गाणं चित्रपटगृहात कधी वाजलंच नाही; वाहिनी, ओटीटी, रील्स, जाहीर कार्यक्रम हे सगळे ‘इतर’ वापर. तुमची सही २०१९ ची, म्हणजे दुरुस्ती लागू झाली त्या २१ जून २०१२ नंतरची. निर्माता कलम १७ दाखवून ‘मीच पहिला मालक’ म्हणेल, तर त्याच दुरुस्तीने तिथेही एक ओळ घातली आहे: चित्रपटात सामावलेल्या मूळ साहित्यकृतीच्या लेखकाच्या हक्काला त्यामुळे बाध येत नाही. ‘यापुढे दावा नाही’ हे वाक्य रॉयल्टीपुरतं या सगळ्यापुढे टिकणं कठीण आहे.

शिवाय त्या एका पानावर मुदत नाही, प्रदेश नाही. मग कलम १९ ची पाच वर्षं आणि फक्त भारत. ती पाच वर्षं उलटून गेली आहेत. म्हणजे गीताच्या शब्दांवरचे हक्क तुमच्याकडे परत आले आहेत असं म्हणायला जागा आहे. निर्माता अर्थातच म्हणेल की ‘कोणताही दावा नाही’ याचा अर्थ कायमचं दिलं. शिवाय ध्वनिमुद्रणावर त्याचा स्वतःचा वेगळा कॉपीराइट आहे, संगीतकाराचा वेगळा, गायिकेचे हक्क वेगळे. म्हणून ‘गाणं काढून टाका’ अशी नोटीस पाठवायच्या फंदात पडू नका. ते पान घेऊन कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला एकदा भेटा आणि हा मुद्दा मागील हिशेब मिळवण्यासाठी वापरा. उशीर मात्र करू नका, थकलेल्या पैशांच्या वसुलीला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. जुनी वर्षं एकेक करून हातातून जात आहेत.

त्याहून सोपं काम याच आठवड्यात करता येईल. गीतकार, संगीतकार यांच्या वतीने वाहिन्या, रेडिओ, कार्यक्रम, हॉटेलं, ऑनलाइन सेवा यांच्याकडून परवाना शुल्क गोळा करणारी नोंदणीकृत सोसायटी म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, आयपीआरएस. तिथे लेखक म्हणून सभासद व्हा. नुसतं सभासद होऊन भागत नाही, प्रत्येक गाण्याची नोंद करावी लागते: गाण्याचं नाव, मालिकेचं नाव, संगीतकार, गायक, तुमचा वाटा. नोंद नसेल तर गाणं वाजल्याचा पैसा आला तरी तो तुमच्या खात्याशी जुळवायचा कसा? मालिकेचं आणि तुमचं नाव एकत्र दिसेल असा श्रेयनामावलीचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. त्या गाण्याच्या गायिकेलाही सांगा. गाणाऱ्यांची वेगळी सोसायटी आहे, २०१३ मध्ये इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन म्हणून नोंदली गेलेली, आता तिच्यात वादकही आहेत. चित्रपटातल्या वा मालिकेतल्या सादरीकरणाला लेखी संमती दिल्यावर सादरकर्त्याला वापर अडवता येत नाही, पण व्यापारी वापरावरची रॉयल्टी कलम ३८क ने तिच्यासाठी राखून ठेवली आहे. पुष्कळ गायकांना हे ठाऊकच नसतं.

सोसायटीच्या सभासदत्वाचा आणखी एक परिणाम आहे, तो दोन्ही बाजूंनी समजून घ्या. एकदा काही हक्क सोसायटीला दिले की त्या अटींच्या विरुद्ध पुढे कुणाला केलेलं हस्तांतरण रद्दबातल ठरतं. पुढच्या गाण्याच्या वेळी कुणी एका पानावर सही मागितली तर हे तुमचं संरक्षण. पण याच कारणाने पुढच्या कुठल्याही करारात ‘सर्व हक्क माझ्याकडे आहेत आणि ते मी कुणालाही दिलेले नाहीत’ या हमीवर डोळे मिटून सही करायची नाही. तिथे ‘आयपीआरएसकडे दिलेले हक्क वगळून’ असे शब्द जोडायचे. गीतांच्या करारात हे हमखास राहून जातं.

ऑडिओ कंपनीचं उत्तर आलं की सुधारित मसुदा मला पाठवा. त्यात परिशिष्टं जोडलेली आहेत का ते आधी बघा. रॉयल्टीचा दर आणि वजावटी बऱ्याचदा मुख्य करारात नसतात, ‘परिशिष्ट ब’ मध्ये असतात, आणि ते पान सही झाल्यावर पाठवतो असं सांगितलं जातं. ते हातात येईपर्यंत सही थांबवून ठेवा.